एक कोटी पंचाण्णव लाख बत्तीस

ताई माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी, तरी जुळणीच्या टेबलावरची बाई आम्हाला जुळ्या म्हणायची. आमचे कागद जुळायचे म्हणून. बाकीच्या जोड्यांना आठवड्याला तीन-चार लाल गोल ठरलेले. आमच्या जोडीला पहिल्या वर्षी सात पडले आणि नंतरच्या दहा वर्षांत एकही नाही. मला याचा इतका ताठा होता की जेवणाच्या सुट्टीत मी मुद्दाम त्या टेबलाशी रेंगाळायचे. आता ते आठवलं की स्वतःच्या दोन थोबाडीत द्याव्याशा वाटतात.

आमचं ऑफिस संख्याकोशाचं. तिथे आम्ही गणक. शब्दकोशात शब्दाची जात आणि अर्थ असतो ना, तसं इथे संख्येचं. एकेक संख्या घ्यायची, तिचे मूळ अवयव काढायचे, तिला किती संख्यांनी भाग जातो ते मोजायचं, आणि मग तिचा वर्ग ठरवायचा. वर्ग तीन. संख्येपेक्षा लहान असलेल्या तिच्या सगळ्या विभाजकांची बेरीज करायची. बेरीज संख्येपेक्षा कमी भरली तर ती तुटीची, जास्त भरली तर विपुल, आणि बरोब्बर तेवढीच आली तर पूर्ण. आठ तुटीची, कारण एक, दोन आणि चार मिळून सातच होतात. बारा विपुल. सहा पूर्ण. पूर्ण संख्या इतक्या दुर्मीळ की अकरा वर्षांत माझ्या टेबलावर एकही आली नाही, आणि येणारही नव्हती.

"याचा कोणाला काय उपयोग गं?" आई महिन्यातून एकदा तरी विचारायची.

"आई, जे आहे ते खरं लिहून ठेवायचं. कोणाला लागलं तर असावं."

"मग एकदाच लिहा की. दोघी कशाला?"

आईला कळायचं नाही, पण सगळी मेख तिथेच होती. कोशाच्या प्रत्येक खंडाच्या पहिल्या पानावर एकच वाक्य असतं: या खंडातली प्रत्येक संख्या दोन गणकांनी एकमेकांचं न पाहता केली आहे. खाली त्या दोघांची नावं. दोन खोल्या, आकडेमोडीची दोन मशीन, दोन पक्के कागद, तळमजल्यावर दोन पेट्या. कच्चं काम दर शनिवारी लगद्यात जायचं, कोणी दुसऱ्याचं पाहून करू नये म्हणून. जुळणीवाली दोन्ही कागद शेजारी ठेवायची. जुळले की हिरवी खूण, नाही जुळले की लाल गोल, आणि मग दोघांनी पुन्हा पहिल्यापासून करायचं. माणूस चुकतो, पण दोन माणसं एकाच जागी एकसारखी सहसा चुकत नाहीत, एवढ्या एका भरवशावर ती अख्खी इमारत उभी होती.

आमच्या खंडात एक कोटी ते दोन कोटींमधल्या, एक हजार चोवीसने भाग जाणाऱ्या संख्या. अशा नऊ हजार सातशे सहासष्ट. दिवसाला तीन, फार तर चार व्हायच्या. ताई आधीपासून तिथे होती, तिनेच मला चिकटवलं. माझी खोली तिसऱ्या मजल्यावर, तिची दुसऱ्यावर, जिन्याच्या तोंडाशी. नियम असा की आपला कागद आपणच पेटीत टाकायचा. पण संध्याकाळी मी खाली उतरले की ताई दारातच उभी असायची. "दे इकडे, मी सकाळी खाली जातेच आहे, दोन्ही टाकते." मी द्यायचे. घरातलीच तर आहे, असं मनात यायलाही जागा नव्हती. रोज डबा देतो घेतो, तसा कागद द्यायचे.

ज्या दिवसापासून हे सगळं बिनसलं, त्या दिवशीची शेवटची संख्या होती एक कोटी पंचाण्णव लाख बत्तीस. एक हजार चोवीसने भागलं की येतात एकोणीस हजार त्रेचाळीस. आता या १९,०४३ला आणखी कशाने भाग जातो का ते पाहायचं. पद्धत अगदी शाळेतली. तीन, पाच, सात, अकरा अशा मूळसंख्या ओळीने घ्यायच्या आणि भागत सुटायचं. वर्गमूळापर्यंत गेलं की पुरे, त्यापुढे जायची गरज नसते. वर्गमूळ एकशे सदतीस पूर्णांक काहीतरी आलं. मी समासात सीमा लिहिली, १३७. भागत भागत १३१पर्यंत आले, बाकी उरली, आणि मी पेन खाली ठेवलं. १३७ ही स्वतः मूळसंख्या आहे आणि तिनेही भागून पाहायचं असतं, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. पाच वाजत आले होते. १९,०४३ मूळ, असं लिहून मी पुढचं सगळं त्यावर रचलं. विभाजक बावीस. लहान विभाजकांची बेरीज एक कोटी चौऱ्याण्णव लाख त्र्याऐंशी हजार छत्तीस. म्हणजे संख्येपेक्षा सोळा हजार नऊशे शहाण्णव कमी. वर्ग: तुटीची. सही केली, कागद ताईला दिला, घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुढची संख्या घेतली. तिला भागून आले १९,०४४, आणि ते तर एकशे अडतीसचा वर्ग. वर्गातून एक वजा केला की वर्गमूळाच्या अलीकडची आणि पलीकडची संख्या यांचा गुणाकार मिळतो, हे आम्हा गणकांना पाढ्यासारखं पाठ असतं. म्हणजे काल ज्याला मी मूळ म्हणून आले ते १३७ गुणिले १३९ होतं. विभाजक बावीस नव्हेत, चव्वेचाळीस. बेरीज दोन कोटी अठ्ठेचाळीस हजार आठ. ती बिचारी तुटीची नव्हतीच, चांगली साडेपाच लाखांनी विपुल होती. एक मूळसंख्या करायची राहिली आणि मी तिची जात बदलून टाकली होती.

पेटीत पडलेल्या कागदाला हात लावायचा नसतो. आणि खरं सांगायचं तर मला फार भीतीही वाटली नाही. ताईचा कागद आहे की. तिचं बरोबर असणार, जुळणार नाही, लाल गोल पडेल, सगळे चिडवतील, दोघी पुन्हा करू. दहा वर्षांनी पडणाऱ्या त्या लाल गोलाची मी दोन दिवस वाट पाहत होते.

तिसऱ्या दिवशी जुळणीवालीने टाचणी लावून गठ्ठा परत दिला. "घ्या, जुळ्या! सगळं हिरवं."

मी तिथेच उभ्या उभ्या पानं उलटली. माझा कागद: १९,०४३ मूळ, विभाजक बावीस, तुटीची. ताईचा कागद: १९,०४३ मूळ, विभाजक बावीस, तुटीची.

माणूस आपल्या माणसासाठी किती सबबी शोधतो! मी स्वतःला समजावलं, तीही १३७ विसरली असेल. दोघींच्या सवयी सारख्या, चुकाही सारख्या. दुपारभर मी या सबबीला धरून बसले. मग मात्र मला राहवेना. त्या दिवशी माझ्यासमोर एक कोटी पंचाण्णव लाख आठ हजार दोनशे चोवीस होती. सगळं नीट केलं आणि शेवटच्या रकान्यात, जिथे नुसती अंकांची बेरीज लिहायची असते, तिथे ३१च्या जागी ३९ लिहिले. एक, नऊ, पाच, शून्य, आठ, दोन, दोन, चार. पहिलीतलं पोरही बोटांवर मोजून एकतीस सांगेल. अकरा वर्षांत मी एकही आकडा खोटा लिहिला नव्हता. संध्याकाळी ताई दारात उभी होती. "दे इकडे."

शनिवारी गठ्ठा आला. माझ्या कागदावर ३९. तिच्या कागदावर ३९. दोन्हींवर हिरवी खूण.

मी संडासात जाऊन कडी लावली आणि तोंडात पदर कोंबून रडले. रागही नव्हता तेव्हा. अकरा वर्षं त्या मोठ्या कामात आपण दोघी आहोत असं मी धरून चालले होते, आणि तिथे मी एकटीच होते. रोज निश्चिंत झोपायचे, का तर माझं चुकलं तरी खाली ताई आहे. खाली कोणी नव्हतंच. नऊ हजारांवर संख्यांमध्ये माझ्या आणखी किती चुका हिरव्या होऊन बसल्या असतील, देव जाणे.

रविवारी दुपारी आई झोपली होती. ताई इस्त्री करत होती. मी दोन्ही कागद तिच्यासमोर टेबलावर ठेवले. तिने पाहिलं, इस्त्री उभी केली, बटण बंद केलं.

"मुद्दाम लिहिलंस?" तिने विचारलं.

"हो. कधीपासून उतरवतेस?"

"दुसऱ्या वर्षापासून असेल."

"असेल?"

"आता तारीख विचारणार आहेस का, छोटे?" ती खुर्चीत बसली. "एकदा बरं नव्हतं म्हणून उतरवलं. जुळलं. मग दुसऱ्यांदा. तुझं चुकत नाही गं. तुझं बरोबरच असतं, मग तेच पुन्हा करत बसायचं कशाला, असं वाटायला लागलं."

"मग दिवसभर करायचीस काय?"

"बसायचे." ती इस्त्रीच्या दोराशी चाळा करत होती. "खिडकीशी. बाबा गेले तेव्हापासून मला कधी कोणी नुसतं बसू दिलं नाही. तिथे आठ तास कोणी काही मागायचं नाही."

माझा राग तिथेच निम्मा ओसरला, ही माझी खोड. वाटलं, हिला मी कधी विचारलं तरी का, ताई, दमलीस का? मी म्हणाले, उद्या सरांना सांगावं लागेल. ती म्हणाली, हो, सांगू. दोघी मिळून सांगू. "उरलेल्या मी खऱ्याखुऱ्या करते, आणि झालेल्याही हळूहळू करते. आईला तेवढं कळू देऊ नकोस." मी मान डोलावली. त्या रात्री मला झोपही चांगली लागली, इतकी मी शहाणी.

सोमवारी सकाळी उठले तर ताई निघून गेली होती. आईजवळ निरोप होता, थोडं काम आहे, तू सावकाश ये. मी सावकाश गेले. जिन्यातच शिपायाने सांगितलं, सरांनी बोलावलंय.

सर म्हणजे कोशाचे संपादक. आवाज चढवून बोलताना त्यांना कोणी ऐकलं नव्हतं. त्यांच्या टेबलापुढे दोन खुर्च्या होत्या, एकीत ताई बसली होती. समोर आमच्या खंडाची फाइल उघडी, आणि काल मी घरी टेबलावर ठेवलेले ते दोन्ही कागदही त्यात लावलेले.

"बसा," सर म्हणाले. "तुमच्या ताईंनी मला सगळं सांगितलंय."

खरं सांगते, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, बाईने हिंमत केली, मला त्रास नको म्हणून एकटी आली. मी तिच्या हातावर हात ठेवायला गेले.

"त्यांना हे बोलणं किती जड गेलं असेल, ते मी समजू शकतो," सर म्हणाले. "सख्ख्या बहिणीबद्दल सांगायचं म्हणजे... किती वर्षं उतरवताय तुम्ही त्यांचे कागद?"

मला आधी वाक्याचा अर्थच लागेना. मी ताईकडे पाहिलं. ती फाइलकडे पाहत होती.

"मी? सर, उलटं आहे! तिने माझे उतरवलेत. काल घरी कबूल केलंय तिने. विचारा तिला!"

"छोटे," ताई हळू आवाजात म्हणाली, "वाढवू नकोस. मी सरांना म्हटलंय, हिला काढू नका म्हणून."

केसाने गळा कापणं म्हणतात ते हे. आणि वर रदबदलीही माझ्यासाठीच! माझा आवाज चढला. मी तो ३९चा कागद फाइलमधून ओढून काढला आणि सगळं सांगितलं. मुद्दाम लिहिले, तिला पकडायला लिहिले, आणि हे पाहा, तिच्या कागदावरही तेच आहेत.

सरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. बराच वेळ पाहिले. दोन सारख्या कागदांत पहिला कोणता, हे कागद सांगत नाहीत. मी जन्मभर दोन गोष्टी सारख्या आहेत का एवढंच पाहत आले, हे कधी लक्षातच आलं नव्हतं.

"ती चूक माझी आहे, सर," ताई म्हणाली. "घाईत एकाचा नऊ झाला. हिने आहे तसा उतरवला."

"म्हणजे एकजण म्हणते चूक झाली," सर मला म्हणाले, "आणि तुम्ही म्हणता, मी कोशात खोटा आकडा जाणूनबुजून लिहिला. तुम्ही काय कबूल करताय ते कळतंय ना तुम्हाला? यासाठी इथून माणसं गेली आहेत."

कळत होतं. पण आता मागे फिरायला वाट नव्हती. मी म्हणाले, "अजून एक चूक आहे. ती ताईला माहीतही नाही." आणि मी त्यांना एक कोटी पंचाण्णव लाख बत्तीस काढायला लावली. सरांनी टेबलावरच्या मशीनचं हँडल फिरवलं. १३७ गुणिले १३९. मशीनच्या खिडकीत आकडे आले, १९,०४३. त्यांनी चष्मा काढला.

"दोन्ही कागदांवर मूळ लिहिलंय. मग ही चूक कोणाची?"

ताईने त्या आकड्यांकडे पाहिलं. तिला ते पहिल्यांदाच दिसत होते, हे मी शपथेवर सांगेन.

"माझीच," ती म्हणाली.

तेव्हा मला जे झालं ते कसं सांगू? अकरा वर्षांची बरोबर आलेली उत्तरं तिने नेली, ते मी कदाचित गिळलं असतं. पण ती चूक माझी होती. पाच वाजता, थकल्या डोळ्यांनी, माझ्या हाताने केलेली. ती तिने सरांसमोर सहज उचलून आपल्या पदरात टाकली, आणि सर तिच्याकडे अशा आदराने पाहत होते की जणू चुका कबूल करायला तिच्याकडूनच शिकावं.

मग मला एक सुचलं. पक्क्या कागदावर फक्त उत्तर असतं. कुठवर भागलं, कुठे सोडलं, हे कच्च्या कागदावर असतं, आणि ते शनिवारीच लगद्यात गेलं होतं. ते फक्त करणाऱ्यालाच माहीत.

"सर, तिला एकच विचारते," मी म्हणाले. "ताई, चूक तुझी ना? मग १९,०४३ला भागत भागत तू कोणत्या मूळसंख्येपाशी थांबलीस, ते सांग."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. जिंकलेच मी, असं वाटलं. खोटं बोलायला आकडा लागतो, आणि तिच्याकडे आकडा नव्हता.

ताईने मान थोडी वर केली. ओठ हलकेच हलले. मी दुसरीत असताना मला भागाकार शिकवताना तिचे ओठ असेच हलायचे. दहा सेकंदही झाले नसतील.

"एकशे एकतीस," ती म्हणाली. "सीमा एकशे सदतीस धरली होती. सीमेनेच भागून बघायचं राहिलं."

अक्षरन् अक्षर खरं होतं. मी काय केलं, कुठे केलं, का केलं, सगळं तिने त्या खुर्चीत बसून मागे जाऊन काढलं होतं, कागद नाही, मशीन नाही.

सरांनी फाइल बंद केली. ताईंच्या शब्दाखातर तुम्हाला काढत नाही, असं मला म्हणाले, पण आता तुम्ही आकड्यांना हात लावायचा नाही. उद्यापासून पाकिटं आणि टपाल. ताई उरलेला खंड नव्या जोडीदाराबरोबर पुरा करतील. झालेल्या संख्या त्याच्याकडून पुन्हा करून घेऊ, आणि पहिल्या पानावर त्या दोघांची नावं जातील. माझं नाव त्यांनी फाइलवरून माझ्यासमोरच खोडलं, पट्टी लावून, सरळ रेघेत.

जिन्यात मी तिला गाठलं. कालपासून मी तिच्यासाठी काय काय सबबी जमवल्या होत्या. दमली असेल, डोळे अधू झाले असतील, जमेनासं झालं असेल आणि सांगायची लाज वाटली असेल. एकही उरली नव्हती. जे करायला मला अर्धा दिवस लागायचा ते तिला चुटकीसरशी येत होतं, आणि तसंच अकरा वर्षं येत आलं होतं.

"तुला येत होतं, ताई," मी म्हणाले. "माझ्यापेक्षा चांगलं येत होतं. मग केलं का नाहीस?"

ती दोन पायऱ्या खाली होती. तिने वळून माझ्याकडे पाहिलं, आणि तिला खरोखरच प्रश्न कळला नव्हता.

"तू करत होतीस ना," ती म्हणाली.